शब्दचर्चा : तुरुंगात वेळ बिघडली, की बिघडला?

प्रश्न : मंडळी, एक गूढकथा लिहितोय. जुना तुरुंग. पहाऱ्यावरचा शिपाई दोनचे टोल देतो, बराकीत चार ऐकू येतात. एक कैदी झोपेतून उठतो तर दाढी महिनाभराची वाढलेली, आणि शेजाऱ्याच्या चहाची वाफसुद्धा अजून निवलेली नाही. या प्रकाराला मराठीत काय म्हणावं? ‘कालविपर्यास’ लिहून पाहिलं. अंगावर काटा येण्याऐवजी परीक्षेचा पेपर आठवला.

– कालविपर्यास चालणार नाही. ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर तो कालविपर्यास. तिथं चुकतो नाटकवाला, काळ नव्हे. ‘चकवा’ घ्या. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडाशी येतो. ‘या बराकीला चकवा लागलाय’ असं एखादा जुना कैदी सहज म्हणेल.

– चकवा वाट चुकवतो. दहा बाय दहाच्या कोठडीत चुकायला वाट कुठली?

– म्हणून तर तारीख चुकवतो!

– माझं लक्ष शीर्षकाकडे गेलं. ‘वेळ’ दोन्ही लिंगांत चालतो. ‘खूप वेळ लागला’ यातला पुल्लिंगी वेळ म्हणजे नुसता सरणारा अवधी. ‘जेवायची वेळ झाली’ यातली स्त्रीलिंगी वेळ म्हणजे नेमका क्षण. कैद्याकडे तो वेळ ढिगानं असतो, ती वेळ मात्र येत नाही. तुमच्या कथेतलं भूत या दोघांच्या मधे बसवा. शिवाय ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ आहेच. तिथं काळ म्हणजे थेट यम.

– टोलांऐवजी घटकापात्र वापरता आलं तर बघा. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटकांचा दिवस. ‘त्याची घटका भरली’ हे त्यातूनच आलं. आता कल्पना करा, फाशीच्या पहाटे वाटी बुडतच नाही. (तुरुंग मात्र इतका जुना नको. शब्दच पोर्तुगीज ‘त्रोंकू’वरून आलाय, अर्थ झाडाचा बुंधा आणि पाय अडकवायचा खोडाही.)

– लहानपणी ऐकलेलं सांगतो : तुरुंगात दिवस वेगळा नि रात्र वेगळी मोजतात, म्हणून 14 वर्षांची जन्मठेप सातच वर्षांत सुटते. साफ खोटं. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 साली गोपाळ गोडसे प्रकरणात स्पष्ट केलंय. पण कथेसाठी ही अफवा सोन्यासारखी आहे. एकाच कोठडीत दिवस एका कैद्याचे, रात्री दुसऱ्याच्या.

प्रश्नकर्ता : शेवटची कल्पना चोरतो. नाव ‘चकवा’च ठेवावं म्हणतोय.

– ‘परवा’ ठेवा. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. कुठला ते क्रियापद सांगतं. रिकाम्या कोठडीच्या भिंतीवर खिळ्यानं कोरलेलं असू द्या : ‘माझी सुटका परवा.’ क्रियापद कोरायचं राहून गेलंय.