मदत हवी आहे: सिगारेटऐवजी स्नूस, कोणी करून पाहिलंय?
नमस्कार मंडळी. सिगारेट ओढायला लागून १८ वर्षं झाली, रोजच्या बारा-पंधरा होतात. दोनदा सोडली, दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा सुरू. आता मित्र म्हणतो, धूर बंद कर आणि स्नूसची, म्हणजे ओलसर स्वीडिश तंबाखूची, पुडी ओठाखाली ठेव. त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात ते तंबाखू जळल्यामुळे. स्वीडनमध्ये तर पुरुष सर्रास स्नूस वापरतात आणि त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण युरोपात अगदी खालचं आहे. साधी चघळायची तंबाखू म्हणजे तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण, तेही ठाऊक आहे. स्नूस वाफवलेलं असतं, त्यात नायट्रोसामाइन्स (तंबाखूतली कर्करोगकारक रसायनं) कमी. बायकोला मात्र दोन्ही एकच वाटतं (आणि तिच्याशी वाद घालायची माझी टाप नाही).

असा बदल कोणी केलाय का? सिगारेट पूर्ण सुटली, की दोन्ही चालू राहिलं? मला खरी भीती त्याचीच आहे. हिरड्यांचं काय झालं? की हा उद्योग सोडून डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम किंवा पॅचच घ्यावा? रक्तदाब थोडा वाढलेला असतो, हेही सांगून ठेवतो.