नववीच्या वादविवादासाठी आधी काय पक्कं करून घेऊ?

ऐरोलीची आई:
लेक नववीत आहे. ‘ठाण्यातल्या तलावपाळीचा रस्ता रविवारी सकाळी गाड्यांना बंद असावा’ या बाजूने तिने पानभर लिहिलंय. बाईंचा शेरा आला: ‘मुद्दा आहे, युक्तिवाद नाही. विरामचिन्हं बघ.’ आता ती हेतू, पूर्वपक्ष, तर्कदोष असे शब्द पाठ करत बसलीय. सुरुवात कुठून करू?

निवृत्त मराठी शिक्षिका, नौपाडा:
ताई, पाठांतर थांबवा, तिचं पान समोर घ्या आणि न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, उदाहरण सांगा. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं विधान. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू, म्हणजे कारण. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, हे उदाहरण. पुढे उपनय (तो नियम आपल्या डोंगराला लावणं) आणि निगमन (निष्कर्ष) येतात, पण मुलांचं घोडं अडतं ते या तिसऱ्या पायरीवर. ‘रस्ता बंद करा, कारण खूप लोक चालायला येतात’ एवढं लिहून मोकळी होतात. लोक चालतात म्हणून गाड्या का थांबवायच्या? ‘जिथे चालणारे जास्त, तिथे रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा’ हा दुवा लिहायलाच हवा. समोरचा नेमकं त्यावरच बोट ठेवणार.

मग पूर्वपक्ष. विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल इतक्या ताकदीने मांडायचं. स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा कुठून वळवणार? तिथल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाला येणाऱ्या वयस्कर माणसांनी किती चालायचं? याला उत्तर दिलं तरच तिची बाजू उभी राहील. ‘गाडीवाल्यांना शहराची पर्वाच नाही’ हे उत्तर नव्हे. मुद्दा सोडून माणसावर घसरणं हा तर्कदोष, आणि मुलांना तो लहानपणीच ओळखता यावा असं मला मनापासून वाटतं.

मुद्रितशोधक, वाशी:
विरामचिन्हं मराठीत रुळवली इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं. जुन्या मोडी कागदांत ती नसायची. वादविवादात एक सांभाळा: विरोधकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तरच अवतरणचिन्हं. आशय आपल्या भाषेत सांगितला तर नकोत.

ऐरोलीची आई:
तिने आत्ता लिहिलेलं वाक्य: ‘रिक्षांना वळसा पडेल, पण तो दोनच तास असेल.’ चालेल?

निवृत्त मराठी शिक्षिका, नौपाडा:
छान! ‘पडेल’नंतर अर्धविराम द्या, दोन्हीकडे पूर्ण वाक्यं आहेत. आणि दोनच तास का, हे समोरचा लगेच विचारेल. त्याचा हेतू पुढच्याच वाक्यात लिहायला सांगा.