उमेदवाराची ‘वैयक्तिक मते’ म्हणावे का?

अनुवादक : जपानमधील १९९४च्या निवडणूक सुधारणेवरील लेख मराठीत आणताना अडलो आहे. पूर्वी तेथे एका मतदारसंघातून बहुधा तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जात, पण मतदाराला मत एकच असे. त्यामुळे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांची मते खात आणि प्रत्येक जण ‘कोएनकाई’ हे स्वतःचे समर्थक मंडळ पोसत असे. नंतर ३०० एकसदस्यीय मतदारसंघ आणि पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या २०० जागा आल्या, तरी ही मंडळे संपली नाहीत. पक्षाकडे नव्हे, तर उमेदवाराकडे पाहून पडणाऱ्या मतांना काय म्हणावे? ‘वैयक्तिक मत’ लिहिले की अभिप्राय वाटतो.

पार्लेकर : ‘हक्काची मते’ म्हणा.

अनुवादक : ती पक्षाचीही असतात आणि जातीचीही.

शब्दनिष्ठ : ‘व्यक्तिनिष्ठ मते’ हा शब्द निर्दोष आहे.

पार्लेकर : निर्दोष असेल, पण तो वाचून लोक ‘वस्तुनिष्ठ मते’ कोठे आहेत, ते विचारतील.

ठाणेकर : आमच्याकडे ‘नावावर पडलेली मते’ म्हणतात. मुंबईत २२७ प्रभागांतून एकेकच नगरसेवक निवडला जात असल्याने तेथे नाव आणि चिन्ह एकत्रच खपते. ठाण्यात बहुतेक प्रभागांत चार जागा असल्याने उमेदवाराला स्वतःबरोबर सबंध पॅनेलसाठी मते मागावी लागतात, आणि वजनदार उमेदवार खासगीत स्वतःपुरतेच बोलतो.

शब्दनिष्ठ : ‘पॅनेल’ कशाला? ‘चौकडी’ आहे.

ठाणेकर : तिच्याआधी ‘चांडाळ’ आठवते.

गिरणगावकर : ‘मते कुजवणे’, म्हणजे मुद्दाम वाया घालवणे, कोणाला कसे आठवले नाही? १९३७ साली मुंबई प्रांतातील बहुसदस्यीय मतदारसंघांत आपली सारी मते एकाच उमेदवाराला देता येत. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात तसे केल्यास दुसरे मत बाद होई. तेथे हरल्यावर डॉ. आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी दाखल केलेल्या निवडणूक याचिकेत कम्युनिस्ट उमेदवार डांगे यांच्या बाजूने मते कुजवण्याचा प्रचार झाल्याची तक्रार होती. जो एके काळी रीतसर डावपेच होता, तो नियम बदलताच कुजवणे ठरला.

शब्दनिष्ठ : ‘बाद करणे’ असताना हे ओंगळ क्रियापद कशाला?

गिरणगावकर : मत बाद अधिकारी करतो, कुजवतो तो मतदार, तेही समजूनउमजून.

पार्लेकर : मग दुसरे मत कोणालाच न देणाऱ्याने ते कुजवले म्हणायचे की राखले?

गिरणगावकर : कुजवलेच. ते उमेदवाराच्या कामी येत नाही.

शब्दनिष्ठ : न टाकलेले मत कुजेल कसे? ते राखलेच म्हणावे लागेल.