'लिव्हिंग डोनर'ला मराठीत काय म्हणावं?

नीरा (सिंहगड रस्ता): किडनी रोपणाची माहितीपत्रिका मराठीत करतेय. 'जिवंत दाता' लिहिलं आणि डायलिसिस विभागात वाचून दाखवलं. इंदापूरकडच्या एक मावशी लेकाला किडनी द्यायला तयार आहेत. त्या घाबरून म्हणाल्या, "जिवंत म्हंजे? नंतर न्हाई का ऱ्हात?" दुसरा शब्द सुचवा. सजीव? हयात?

शब्दवेडा: सजीव नको, झाडही सजीवच. 'हयात' घ्या. हयातीचा दाखला प्रत्येक पेन्शनरच्या घरात माहीत असतो.

गंगाधर, सदाशिव पेठ: हयात अरबी आहे. आपला 'जीवित' असताना उसनवारी कशाला?

शब्दवेडा: जीवित म्हटलं की पुढे 'हानी'च आठवते. आणि ज्या 1994 च्या कायद्याखाली हे सगळं चालतं, त्यातला 'कायदा'ही अरबीच!

अनुराधा: माझं भांडण 'दाता'शी आहे. मी भावाला किडनी दिली. कागदोपत्री सगळीकडे 'दान', आणि तो शब्द मला टोचत राहिला. ग्रहण सुटताना दारावर मागतात ते दान. भावाला कोणी दान करतं का? घरात आजही सगळे "ताईने किडनी दिली" एवढंच म्हणतात. 'दान घेतलं' हे ऐकून भावाची मान खाली जायची.

वर्षा (समुपदेशक): ताई, पटतंय. पण 'दान'मध्ये पैसा नाही हे लगेच कळतं, आणि अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे हे सांगावंच लागतं. 'देणं' म्हटलं की मराठीत कर्जही येतं. सुना, बायका, आया आमच्यासमोर बसतात तेव्हा ते फेडायचं असल्यासारख्याच बसतात. नीरा, शब्द कुठलाही घ्या, पण 'ऑपरेशनच्या आधी कधीही नाही म्हणता येतं' हे वाक्य ठळक छापा.

गंगाधर, सदाशिव पेठ: किडनी नव्हे, मूत्रपिंड.

अनुराधा: डायलिसिसच्या रांगेत मूत्रपिंड म्हणणारं मला कोणी भेटलं नाही.

मंदार (हडपसर): लिव्हरचं काय करणार? आमची आजी मटणातल्या लिव्हरला काळीज म्हणायची. लिव्हरचा तुकडा दिला तरी उरलेलं पुन्हा वाढतं, म्हणजे 'काळजाचा तुकडा' अक्षरशः देता येतो.

शब्दवेडा: आजी बरोबरच होत्या. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत, त्यावरून काळीज. अमरकोशात यकृताला 'कालखंड' असाही पर्याय आहे. हृदयाचा अर्थ नंतर चिकटला.

गंगाधर, सदाशिव पेठ: मग 'काळजी'ही यकृतातूनच आली, असं माझं मत.

शब्दवेडा: नुसत्या उच्चारावरून? जुना दाखला द्या.

नीरा (सिंहगड रस्ता): पत्रिका सोमवारी छपाईला जातेय. सध्या 'स्वतः हयात असताना किडनी देणारी व्यक्ती' असं लांबलचक लिहिलंय. मावशींना पुन्हा वाचून दाखवणार आहे. कोणाला आणखी आटोपशीर सुचतंय का?

मंदार (हडपसर): 'काळजी' काळजातूनच आली असणार. आजी दोन्ही शब्द छातीवर हात ठेवूनच म्हणायची.