एफटीओ म्हणजे नशिबाचा शिक्का नव्हे

एफटीओ हे लठ्ठपणाशी जोडलं गेलेलं जनुक. 'जनुक चाचणीत एफटीओचा जोखमीचा प्रकार निघाला, आता डाएट करून काय उपयोग' असं काही जण म्हणतात, ते मत पटत नाही. जनुकाचा वाटा आहेच, पण केवढा? २००७ साली हा संबंध उघड झाला, तेव्हा आई-वडील दोघांकडूनही जोखमीची प्रत आलेल्या प्रौढांचं वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलोच जास्त भरलं होतं. पुढे २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांची आकडेवारी एकत्र केली, तर अंगाला हालचाल असणाऱ्यांत हा परिणाम जवळपास २७ टक्क्यांनी सौम्य दिसला. शिवाय हा बदल एफटीओच्या प्रथिनात नाहीच! जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागात एका जागी डीएनएचं 'टी' हे अक्षर जाऊन 'सी' येतं, तिथे बसणारा दाबक (इतर जनुकांना दाबून ठेवणारं प्रथिन) नीट बसत नाही, आणि लांबची आयआरएक्स३ व आयआरएक्स५ ही जनुकं जास्त चालू राहतात. मग नव्या चरबीपेशी उष्णता निर्माण करण्यापेक्षा साठवणीकडे झुकतात.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी हवी. पाच वर्षांच्या आतच मुलाचं वजन भरमसाट वाढत असेल आणि जेवण होताच पुन्हा भूक लागत असेल, तर 'खादाड आहे' म्हणून सोडू नका. एमसी४आर (मेंदूत भूक आवरायला मदत करणारं जनुक) किंवा लेप्टिनच्या (पोट भरल्याचं मेंदूला कळवणारं, चरबीतून येणारं संप्रेरक) जनुकातला दोष तपासायला हवा. लेप्टिन मुळात बनतच नसेल, तर त्याची इंजेक्शनं भूक आटोक्यात आणतात. नेहमीच्या लठ्ठपणात मात्र ती फारशी चालत नाहीत, कारण तिथे रक्तात लेप्टिन आधीच जास्त असतं.