नाणी पाडतात, दारू गाळतात, मग वाइन काय करतात?

गोदाकाठ: मंडळी, मदत हवीये. प्राचीन नाण्यांच्या कला-इतिहासकार असलेल्या एका बाईंचं लेक्चर आहे गंगापूर रोडला, विषय ग्रीक नाण्यांवरची वाइन, आणि मराठी गोषवारा माझ्या गळ्यात पडलाय. नाणी 'पाडली' इथपर्यंत ठीक, पण वाइन 'गाळली' लिहिलं तर बाबा म्हणे, हातभट्टी आहे का ती?

दिंडोरीकर: बाबा बरोबर आहेत. गाळणं म्हणजे वाफ करून थेंबथेंब उतरवणं, ब्रँडी गाळतात. वाइन आंबवतात नि मग मुरवतात. आमच्याकडं मात्र सगळे सरळ 'बनवतात'च म्हणतात.

शब्दवेडी: द्राक्षासव लिहा की! मस्त मराठी.

वैद्यांचा नातू: नको हो! आसव आंबवलेलंच असतं हे खरं, पण त्यात धायटीची फुलं वगैरे, लोकांना चमच्यानं घ्यायचं औषध आठवणार. कौटिल्यानं मृद्वीकेच्या म्हणजे द्राक्षाच्या रसाला 'मधु' म्हटलंय, त्यात कापिशायन आणि हारहूरक अशी मुलखावरून पडलेली नावं, आपण शँपेन म्हणतो ना तसंच. पण आज मधु लिहाल तर मधाची बाटली घेऊन येतील.

गोदाकाठ: 😂 बरं, खिऑस या ग्रीक बेटाच्या नाण्यावर स्फिंक्स (बाईचं तोंड, सिंहाचं धड) बसलेला, पुढ्यात अँफोरा म्हणजे वाइनचं मातीचं भांडं, वर द्राक्षाचा घड. अँफोऱ्याला रांजण चालेल?

दिंडोरीकर: रांजणाला कुठं कान असतात? याला दोन, आणि बूड निमुळतं. दोनकानी कुंभ म्हणा. नेवाशाच्या उत्खननातही अँफोऱ्यांचे तुकडे निघालेत, रोमन काळात भडोच बंदरात इटलीची वाइन उतरायचीच.

जुनी नाणी: 'पाडली' पण सगळीकडं चालत नाही हां. आपल्या नाशिककडच्या जोगलटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला. वितळवून नवी पाडलीच नाहीत, त्यामुळं 'पुन्हा ठोकली' लिहा. काहींवर खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो, बाईंना त्यातच इंटरेस्ट असणार, नाणकशास्त्रज्ञ वजन-धातूपासून सगळंच बघतात, यांना नाण्यांच्या कला-इतिहासकारच राहू द्या.

गोदाकाठ: ओके, कुंभ आणि ठोकली फायनल. वाइन 'मुरवली' लिहिलंय, आता आई विचारतेय लोणच्याचं लेक्चर आहे का.