सुप्याचा उठाव आणि शेतसारा

पुणे जिल्ह्यातला १८७५ चा शेतकऱ्यांचा उठाव निव्वळ सावकारांच्या लोभातून झाला, असं एक मत मांडलं जातं. सावकारी जाच होताच, पण शेतसारा बाजूला ठेवून हा विषय समजणार नाही.

मावळात पाऊस धो-धो. इंदापूर, भीमथडी हे तालुके मात्र कायम अवर्षणाचे. तिथे कंपनीचा अधिकारी प्रिंगल याने निव्वळ उत्पन्नाचा अंदाज बांधून बसवलेला सारा रयतेला झेपलाच नाही, जमिनी पडीक पडल्या. मग १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात मातीचा पोत नि खोली पाहून आणेवारी लावली, म्हणजे जमिनीची प्रत आण्यांत ठरवली, दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी बांधून दिले. कंपनी सरकारचं हे काम मला खरोखर विचारपूर्वक वाटतं.

घात केला ही मुदत संपल्यावर सारा नव्याने ठरवणाऱ्या फेरपाहणीने. अमेरिकन यादवीमुळे कापूस तेजीत होता, त्या भरात १८६७ पासून सारा चढवला. पुढे भाव कोसळले, पण हप्ता रोखच भरायचा! कुणबी कर्जखत लिहून द्यायला सावकाराच्या दारात जाणार नाही तर काय करणार? १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी आधी वह्या आणि कर्जखतंच मागितली. कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा शेतकरी कायदा आला तो त्यानंतर, आणि त्यानेही साऱ्याचे दर ठरवण्याच्या पद्धतीला हात लावला नाही.